सही करायच्या आधी एवढं वाचा

पारोस, ग्रीस
13 जुलै 2025, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा मला बोलू देत नाहीत आणि आई ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही, म्हणून लिहूनच काढतेय. पानांचे फोटो शेजारच्या मन्याच्या मोबाईलवर पाठवते. बाबांनी आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं. मधली वाक्यं गाळायची नाहीत, मन्या साक्षीला आहे.

मंगळवारी बाबा म्हणाले, तो पुण्याचा माणूस परत येऊन गेला. वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला व्हिला, दहा वर्षांचा करार, समुद्रातच मिसळल्यासारखी दिसणारी पोहण्याची टाकी, आणि आपल्याला मागे दोन खोल्या. वर बाबांचं वाक्य, ‘‘तू तिथंच आहेस ना तसल्या बंगल्यात, मग बघून सांग कसं असतं ते.’’

बघितलं. पण मी इथं पुढच्या दारानं आलेली नाही, मागच्या दारानं आलेय, तेव्हा तिथूनच सांगणार.

लंडनची आमची मंडळी, म्हणजे मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते ते गुजराती कुटुंब, अथेन्सहून छोट्या पंख्याच्या विमानानं पाऊण तासात पोचली. मी, डाळी-पिठांचे चार खोके आणि बांचा (त्यांच्या घरातल्या आजींचा) देव्हारा पिरेयसच्या बंदरातून बोटीनं आलो, चार तासांवर. आई, बोट केवढी तर तिच्या पोटात ट्रक, बसगाड्या, सगळं. पण धक्क्याला लागताना मागची फळी खाली आली, माणसं आणि गाड्या एकदमच बाहेर पडायला लागल्या, कोणीतरी ओरडायला लागलं, आणि मला थेट दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट आठवली. फक्त इथे कोणाच्या हातात कोंबड्या नव्हत्या.

बंगला बेटाच्या उत्तरेला आहे, नाऊसा नावाच्या कोळ्यांच्या गावाजवळ. आता कोळी कमी, हॉटेलं जास्त. पाच बेडरूम, खाली दगडी पायऱ्या उतरल्या की छोटीशी पुळण. आठवड्याचं भाडं बारा हजार युरो, म्हणजे आपले बारा लाख. बाबा, इथे थांबून पाणी प्या.

आता या बारा लाखांत मिळतं काय ते सांगते. भिंती हातभर जाड, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या. जमीन कोब्याची! घोटून घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा कोबा, ज्यावर दुपारी उघड्या पायांनी चालावंसं वाटतं. बसायला भिंतीतूनच काढलेले ओटे, वर गाद्या. आणि बाहेर बोरूच्या काड्यांचा मांडव, अगदी आपल्या झापांच्या मांडवासारखा, कवडशांसकट. पाहुणे दिवसभर त्याच्याखाली लोळतात आणि ‘काय साधेपणा आहे’ म्हणत फोटो काढतात. आपण 2012 साली ओटीचा कोबा फोडून मुंबईहून चकचकीत फरशी आणली आणि पहिल्याच पावसात काकू तिच्यावरून घसरली, ते बाबांना आठवत असेलच.

पण मी उगाच गोडवे गाणार नाही. पैसे नुसत्या कोब्याचे नाहीत. न्हाणीघर सुकं असतं, गरम पाणी कळ फिरवताक्षणी येतं, गाद्या अशा की बांची पाठ पहिल्यांदाच दुखली नाही. खिडकीला जाळ्या आहेत. ही चार कामं आपल्याकडे नीट नाहीत, आणि निवास-न्याहारीच्या वहीत लोक तेच लिहून जातात. बाबा ती पानं वाचत नाहीत.

आता टाकी. दहा मीटर लांब, चार रुंद, सरासरी दीड खोल. साठ हजार लिटर. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाक्या साठ. या बेटावर पाऊस हिवाळ्यात, तोही वर्षभराचा मिळून आपल्या जुलैच्या एका पंधरवड्याएवढा. उन्हाळ्यात थेंब नाही. जुन्या घरांच्या धाब्यांवरचं पावसाचं पाणी अंगणाखालच्या हौदात उतरवून माणसं वर्ष काढायची. आता समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करतात, आणि कमी पडलं तर टँकर. सध्या मेल्तेमी चालू आहे, हा उत्तरेचा वारा, जुलै-ऑगस्टात दिवसच्या दिवस घोंघावतो. फार चढला तर बोटी बंदरातच बांधून ठेवतात. त्या वाऱ्यानं टाकीतलं दोन-अडीचशे लिटर पाणी रोज नुसतं उडून जातं, असं इथली सांभाळणारी बाई सांगते. शिवाय आठवड्यातून दोनदा माणूस येतो, बाटलीत थेंब टाकून रंग बघतो, गाळणी उलटी धुतो, आणि ते पाणीही वाया. खारी हवा दर दोन-तीन वर्षांनी पंप खाते म्हणे.

आणि पोहतं कोण? नऊ माणसांत मिळून दिवसाकाठी अर्धा तास. वाऱ्यानं पाणी गार पडतं, मुलं कुडकुडत बाहेर येतात आणि खाली समुद्रात पळतात. टाकी फोटोपुरती.

आपल्याकडे काय होईल ते तुम्हीच बघा. विहीर आत्ताच मे महिन्यात मचूळ होते. त्यातून रोज टाकीला पाणी ओढलं तर सुपारीला काय घालणार? वीज दोन दिवस गेली की पाणी हिरवं. झावळ्या पडणार त्या त्यातच. आणि पावसाचे चार महिने फुकट राहायला बेडूक. वर दहा-बारा माणसांची मैल्याची टाकी, ती तो माणूस विहिरीपासून किती हातांवर खोदणार ते नकाशात दाखवलंय का? इथे बुधवारी ती टाकी उपसायला टँकर आला होता. बारा लाखवाल्यांना आम्ही घाईघाईनं गावात आइसक्रीम खायला पाठवलं. मी आणि मावशी नाकाला पदर (तिचा एप्रन) लावून मागच्या पायरीवर बसलो होतो.

मावशी म्हणजे ती सांभाळणारी बाई. साठीची असेल. मी तिला मावशी म्हणते, ती मला ‘कोरी मू’, म्हणजे माझी मुलगी. बंगल्यामागे दोन खोल्यांत ती आणि नवरा राहतात. आई, ही जमीन तिच्या वडलांची होती. बार्ली पिकायची, शेळ्या होत्या. मावशी तिशीत असताना त्यांनी ती विकली, आणि आता त्याच जागेवर ती दहा उशांना अभ्रे घालते. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, वेडी आहेस का, त्या पैशांत दोन मुलं अथेन्सला शिकली, बार्लीत काय होतं? हे मी लपवत नाही, बाबा, कारण तुम्ही उद्या नेमकं हेच म्हणणार. पण तिनं विकली होती. नळ गळला, पंप मोडला, तर मालकाला फोन लावून मोकळी होते. तुमच्या करारात जमीन आपलीच, आणि पंपही आपलाच.

तिचा दिवस मी तीन आठवडे बघतेय. पाचला उठते. पाहुणे जागे व्हायच्या आत वाऱ्यानं आलेल्या बोगनवेलीच्या पाकळ्या टाकीतून जाळीनं काढते, ओटे पुसते, पाव ठेवते, आणि दिसेनाशी होते. श्रीमंतांच्या सुट्टीतलं सगळ्यात महागडं काम हे, आहात पण दिसायचं नाही. रात्री अकराला कोणीतरी बर्फ मागतं. शनिवारी जुने पाहुणे सकाळी दहाला जातात, नवे चारला येतात. मधल्या सहा तासांत पाच बेडरूम, सहा न्हाण्या. तिच्या मदतीला दोघी येतात, तरी तिची कंबर धरते. आपल्या घरी ही कोण असणार? बाबा नसणार. पुण्याचा माणूस तर नाहीच. त्याच्या कागदावर ‘स्थानिक कुटुंबाचं व्यवस्थापन’ असं लिहिलंय ना, त्याचा मराठीत अर्थ आई.

वरून तो म्हणतो, पुढची पुळण ‘प्रायव्हेट’ करून देतो, सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, बघून घेतो. बघून घेतो म्हणणाऱ्याचं तुम्ही काय ते बघा. इथे तर कायद्यानं सगळे किनारे सगळ्यांचे. दोन वर्षांपूर्वी, 2023 च्या उन्हाळ्यात, याच बेटावरच्या लोकांनी किनाऱ्यावर मोर्चे काढले होते, कारण भाड्याच्या खाटा आणि छत्र्यांनी त्यांना पंचा टाकायलाही जागा उरली नव्हती. देशभर गाजलं ते. आमच्या पुळणीवरही रोज सकाळी सातला गावातल्या चार म्हाताऱ्या येतात. डोक्यावर गवती टोप्या, गळ्याएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तासभर गप्पा मारतात. पोहत वगैरे नाहीत. पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी विचारलं, या कोण? मावशी म्हणाली, या पहिल्यापासूनच्या. आता आमच्या बासुद्धा पाण्यात जाऊन त्यांच्यात उभ्या राहतात. त्या ग्रीक बोलतात, बा गुजराती. चाललंय.

स्वयंपाकाचं आईसाठी. इथलं घट्ट दही म्हणजे सरळ चक्काच गं! ‘स्त्रांगिस्तो’, निथळलेलं. बांधायला नको, टांगायला नको, साखर-केशर घोटलं की श्रीखंड. फावा नावाची पिवळी डाळ मिळते, तिची आमटी तुरीच्या जवळपास जाते, फक्त जरा चिकट. बाजारात एक म्हातारा ‘ग्लिस्त्रिदा’ची जुडी देत होता, बघते तर आपली घोळ! टोमॅटोबरोबर कच्चीच खातात. आणि ‘व्लिता’ म्हणजे माठ, उकडून वर तेल-लिंबू. मी लसणाची फोडणी घातली (बांच्या वाट्याची बाजूला काढून), मावशीनं दोनदा घेतली. तीही शनिवारी रात्री छोले मातीच्या भांड्यात घालून भट्टीत ठेवते, रविवारी दुपारी लोण्यासारखे मऊ. नुसता कांदा, तेल, तमालपत्र. मसाला नाही, तरी चव आहे, काय सांगू.

एक गंमत राहिली. गुरुवारी सुट्टी होती, बसनं बेटाच्या मध्यावर गेले, कारण नकाशात गावाचं नाव दिसलं: मराथी. खोटं नाही, पाटीचा फोटो पाठवलाय. दहा-पंधरा घरं असतील. पण तिथल्या खाणींचा संगमरवर अडीच हजार वर्षांपूर्वीपासून नावाजलेला. पॅरिसच्या लूव्रमधली ती हात तुटलेली व्हीनस पारोसच्याच दगडाची. उत्तम दगड डोंगराच्या पोटात, म्हणून दिव्यांच्या उजेडात बोगद्यांतून फोडायचे, आणि त्या दगडाला नावच ‘दिव्याचा’ पडलं, लिख्नितेस. मी तोंडाशी उभी राहून मोबाईलचा उजेड पाडला. भिंतीवर छिन्नीच्या तिरक्या रेघा अजून आहेत, बोट फिरवलं तर लागतात. आत जायचं धाडस झालं नाही. नावाचा आपल्याशी काही संबंध नाही हो बाबा, लगेच व्हॉट्सॲपवर टाकू नका. मावशी म्हणाली, ‘मराथो’ म्हणजे बडीशेप, रानात उगवते त्यावरून.

तर माझं म्हणणं. सही करू नका. गणपती 27 ऑगस्टला आहेत, मी 23 ला पोचते, तोवर त्याला ‘मुलगी आली की बघू’ म्हणायचं. माझ्याकडे साठलेत त्यातून दोन न्हाण्या नीट करू, गाद्या बदलू, जाळ्या बसवू. ओटीवरची फरशी काढून परत कोबा करायचा, तळी गावातल्या गवंड्याला विचारून ठेवा, त्याला घोटायला येतं का अजून. मांडव आहेच. आणि न्याहारीला हाताखाली पगारी बाई ठेवायची, यावर मी वाद घालणार नाही. एवढं करूनही तुम्हाला टाकी हवीच असेल तर आपण भांडू, पण समोरासमोर.

आई, मावशीनं गेल्या वर्षीच्या रानबडीशेपेचं बी पुडीत बांधून दिलंय. चुलीमागच्या वाफ्यात रुजतं का बघू. आणि गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? बाबा म्हणतात काढला, तू म्हणतेस काढणार आहे. मन्याला सांगून फिल्मचाच फोटो पाठव.

तुमची,
छकुली