आईचं नाव सातबाऱ्यावर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "तिचं नाव लावून काय मिळणार? हप्ता तर एकच येणार." खरं आहे. पीएम किसानमध्ये नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एकच कुटुंब धरतात. आईचं नाव लागलं म्हणून सहा हजारांचे बारा हजार होणार नाहीत. पण फोनवर तुमच्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहितेय.

कोरोनाचं वर्ष आठवा. २६ मार्च २०२० ला सीतारामन यांनी पॅकेज जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये तुमच्या खात्यात दोन हजार पडले. ती काही वेगळी मदत नव्हती. वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता, लवकर सोडला एवढंच. (तुम्ही पारावर अजून 'कोरोनाचे पैसे' म्हणता, म्हणा बापडे.) तेव्हा खरेदी केंद्रं बंद होती आणि पुढची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली. त्यातले किडे रात्री अंगावर यायचे, सगळी खाजवून हैराण. हमीभाव ५,५५० आणि दारात येणारा व्यापारी चार हजारांच्या वर सरकत नव्हता. दोन हजार म्हणजे हमीभावानं छत्तीस किलो कापूस. त्यात किराणा भागला, बियाणं नाही.

आईला आले जनधनचे पाचशे, तीन महिने. खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिलेले. आईचा आठ, म्हणजे ९ एप्रिल. पण काढले नाहीत तर पैसे परत जातात अशी आवई उठली, आणि ही पहिल्याच दिवशी तोंडाला पदर बांधून बँकेसमोर खडूच्या गोलात उभी. दोन तासांनी खिडकीपाशी पोचली, तर "मावशी, तुमचा दिवस नाही."

पेरायला ती, खुरपायला ती, वेचायला ती, आणि सरकारदरबारी मात्र जनधनवाली बाई. शेतकरी तो, ज्याचं नाव सातबाऱ्यावर. वरचं रान बटईनं करणाऱ्या मामांनाही म्हणूनच छदाम आला नाही. राबले ते, हप्ता आपण घेतला. हे तुम्हाला टोचलं होतं, मला माहीत आहे. त्या दिवाळीत तुम्ही त्यांच्या वाट्याला एक पोतं जास्त घातलंत.

आता पलीकडच्या काकूंचं बघा. काका दुसऱ्या लाटेत गेले. सरकारचे पन्नास हजार मिळाले, पण काकांच्या नावचा किसानचा हप्ता थांबला. वारसनोंद होईपर्यंत पीककर्ज नाही, विमा नाही. दीर सहीला तयार, सासू नाही. खरीप तसाच गेला. काकूंचं नाव आधीपासून सातबाऱ्यावर असतं, तर निदान स्वतःच्या हिश्श्यावर त्यांना कुणाच्या दारात जावं लागलं नसतं.

तुम्हाला अभद्र बोलते असं वाटेल. वाटू दे. तुम्ही छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून शरद जोशींच्या सभांना जायचात ना? त्यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेच्या वेळी गावंच्या गावं बायकांच्या नावे जमीन करत होती. सरकारनंही १९९२ मध्ये बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं परिपत्रक काढलं. आपल्या घरात तेवढं राहून गेलं.

दादाशी बोलले, त्याची ना नाही. माझ्या हिश्श्यासाठी चाललंय असं भावकीत कुणी म्हणालं, तर म्हणू द्या.

अर्ज लिहून सोबत पाठवलाय. आठ-अचा उतारा, दोघांचं आधार आणि रेशनकार्ड घेऊन तलाठ्याकडे जा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), आणखी काय लागतं ते तेच सांगतील. नोटीस निघून हरकतीचे पंधरा दिवस जातील, मग फेरफार मंजूर होईल. पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत उरकून घ्या. आणि आई, अर्जावर अंगठा देऊ नकोस, सही कर.

तुमची,
ताई