एसीचा हिशोब युनिटमध्ये कर

फिनिक्स, ॲरिझोना
१४ फेब्रुवारी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आत झोपायची सोय करायला घेतलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरचे फोटो मिळाले. दीड टनाचा एसी लाइट नसलेल्या जागी रात्रभर बॅटरीवर चालेल का, असं विचारलंयस. एसी चालेल, पण दीड टनाचा नको आणि घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांवरही नको. का ते सविस्तर लिहितो, म्हणजे मिरजेत सामान घ्यायला जाशील तेव्हा काय मागायचं ते तुझं तुला माहीत असेल.

आधी एक सवय लावून घे. वॅट आणि अँपिअरमध्ये गुंतू नकोस, लाइट बिलासारखं युनिटमध्ये मोज. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. रात्री किती युनिट जाणार, दिवसा किती परत येणार आणि मधल्या वेळी साठवणार कशात, एवढंच ठरवायचं आहे.

इकडच्या कॅम्परच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या छतावर साधारण १३,५०० बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनाहून थोडा कमी एसी असतो. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतो आणि तेराशे ते पंधराशे वॅट खातो. बहुतेकांचा कॉम्प्रेसर एकाच वेगाचा असल्यामुळे सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. म्हणून लोक त्याला सॉफ्ट स्टार्टर जोडतात आणि २,२०० वॅटच्या छोट्या जनरेटरवर निभावून नेतात. व्हिडिओत बघितलास तो हाच एसी. तो मागवू नकोस. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलेल, पण फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झचा कॉम्प्रेसर ५० वर हळू फिरतो, गार कमी करतो आणि तापतो.

तुझ्याकडे याहून चांगली वस्तू गावातच मिळते: घरगुती एक टनाचा, पाच स्टारचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी. पाऊण टनाचा मिळाला तर अजून चांगलं. त्याचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा झटका नसतो, त्यामुळे सॉफ्ट स्टार्टर लागत नाही आणि लावूही नये. सुरुवातीला हजार वॅटच्या आसपास घेतो, गाडी गार झाली की साडेतीनशे-चारशेवर येतो. बॅटरीवर थेट चालणारे २४ व्होल्टचे ट्रकचे एसीही मिळतात, पण त्यातला सर्किट बोर्ड गेला तर जत किंवा आटपाडीत बसून काय करणार? स्प्लिटचा मेकॅनिक कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो.

आउटडोअर युनिट मागच्या बाजूला रबरी बुशांवर बसव आणि नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे नट वापर. तांब्याचा पाइप युनिटजवळ एक गोल वेटोळं देऊन मग आत ने. सरळ ताणून नेलास तर गाडीच्या हादऱ्याने फ्लेअरच्या (पाइपाच्या पसरट केलेल्या टोकाच्या) नटापाशी केसाएवढी चीर पडते आणि गॅस निघून जातो. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. नटाभोवती तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. तो डाग दिसला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. आत्ताचे बरेच एसी आर-३२ गॅसचे असतात आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून गॅस भरताना गाडीची दारं उघडी ठेवायची. ड्रेनच्या पाइपाला उतार दे. गाडी तिरकी लावली तर पाणी उलटं फिरून गादीवर येतं.

आता मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त भर देईन ते सांगतो. बॅटरीच्या आधी गाडीचं ऊन अडव. मे महिन्यात पत्र्याचं छत हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि एसीची अर्धी ताकद त्या पत्र्याशी भांडण्यात जाते. छत पांढरं रंगव. आतून पत्र्याला घट्ट चिकटवून उष्णता अडवणाऱ्या फोमची, २५ मिमी नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीईची शीट लाव, मधे हवा राहू देऊ नकोस, नाहीतर पावसाळ्यात तिथे घाम धरून पत्रा गंजतो. सगळ्यात मोठं भगदाड म्हणजे पुढची काच. ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा लाव आणि काचेला चकाकता पडदा शक्यतो बाहेरून लाव, कारण आतून लावलास तर ऊन काचेतून आत येऊन मगच अडतं. एसी २६ वर ठेवून बारीक पंखा लाव. २० वर लावून गोधडी घ्यायची असेल तर बॅटरी दुप्पट लागेल.

एवढं केलंस तर रात्रीचा हिशोब असा. पहिला तास एक युनिट, पुढचे सात तास चारशे वॅटने २.८ युनिट, म्हणजे ३.८. बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये दहा-बारा टक्के जातात, म्हणून बॅटरीतून सव्वाचार. दिवे, पंखा, मोबाईल धरून पावणेपाच. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट; दुकानात हिलाच ४८ व्होल्टची म्हणतात. तळाशी दहा टक्के सोडायचे, म्हणजे हातात ४.६. अगदी काठावर, किंचित कमीच पडते. एक घ्यायची की दोन, ते शेवटी सांगतो तशी चाचणी घेऊन ठरव.

हीच गोष्ट ट्युब्युलरवर करायची तर १५० एएचच्या एका बॅटरीत नावाला १.८ युनिट असतात. निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे कामाचे ०.९. पाच-सहा बॅटऱ्या लागतील, त्यांचं वजन पावणेतीनशे ते सव्वातीनशे किलोच्या घरात. लिथियमची एक पन्नास किलोच्या आत. शिवाय ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद गाडीत, झोपायच्या जागेखाली ती नकोच.

बॅटरी ४८ व्होल्टचीच घे. ३,००० वॅटच्या प्युअर साइन इन्व्हर्टरला १२ व्होल्टवर पावणेतीनशे अँपिअर लागतात, ४८ वर सत्तर-पंचाहत्तर. केबल २५ चौरस मिमीची, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची, लांबी दोन मीटरच्या आत. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १०० अँपिअरचा, डीसीसाठीचाच (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटसाठीचा) फ्यूज बसव. घरातला एमसीबी इथे चालत नाही. घरच्या लाइटचा उलटसुलट वाहणारा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझत नाही, एमसीबी आतून जळत राहतो. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्यातले कपॅसिटर रिकामे असतात आणि मोठी ठिणगी पडते. बॅटरीचं बीएमएस, म्हणजे तिच्या आतलं राखण करणारं सर्किट, त्याला शॉर्ट समजून बंद होतं. म्हणून ५० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद मधे धरायचा आणि मग केबल लावायची.

रात्री दोन वाजता एसी बंद पडतो आणि बॅटरी तर चाळीस टक्के दाखवते, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसून लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या तांब्याच्या तुकड्यात असतो. हातोडीने ठोकलेला लग वरून घट्ट वाटतो, आत तारा सैल असतात. तिथे व्होल्टेज पडतं, इन्व्हर्टरला बॅटरी संपली असं वाटतं. लग हायड्रॉलिक क्रिम्पिंगनेच (यंत्राने दाबून) करून घे आणि वर हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी चढव. एसी पूर्ण जोरात असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर ठेव. मग निगेटिव्हचंही तसंच बघ. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. जास्त आलं तर लगजवळचं इन्सुलेशन बघ: ते काळपट होऊन मऊ पडलेलं असतं, आणि जळक्या रबराचा वास येतो.

बॅटरी आतल्या गार भागात, पलंगाखाली ठेव. बऱ्याच सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायला मनाई असते. सांगलीच्या उन्हात बंद डिकीचं तापमान सहज त्याच्या वर जातं.

शॉक बसला की वीज तोडणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा लावशीलच. पण इन्व्हर्टरची न्यूट्रल गाडीच्या चॅसीला एका जागी जोडलेली नसेल तर तो पडतच नाही, शोभेला राहतो. घराच्या प्लगवर गाडी लावशील तेव्हा मात्र हा जोड सुटला पाहिजे. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये त्यासाठी रिले असते, घेताना ते विचार. यात वायरमनचा अंदाज चालवून घेऊ नकोस. जिवाशी गाठ आहे.

सोलर. ५४० वॅटची दोन पॅनल, एकेक साधारण २.२८ बाय १.१३ मीटर आणि २८ किलोचं. आधी छत मोजून घे. एकच पॅनल लावून चालणार नाही, कारण ते चाळीस-एकेचाळीस व्होल्ट देतं आणि ४८ व्होल्टच्या बॅटरीत त्याने काही भरतच नाही. दोन सिरीजमध्ये जोड. काही न जोडता मोजलेलं व्होल्टेज शंभराच्या आसपास जातं, म्हणून एमपीपीटी (पॅनलवरून बॅटरी भरणारा चार्जर) १५० व्होल्टचा घे. पॅनलखाली तीन इंच हवा खेळू दे. त्याने छतालाही सावली मिळते. सपाट बसवलेली ही दोन पॅनल एप्रिल-मेमध्ये दिवसाला चार-साडेचार युनिट देतील. पावसाळ्यात बरीच कमी, पण तेव्हा एसी कशाला लागतो! वडाच्या सावलीत गाडी लावलीस तर एसी कमी खाईल, पण सोलर जवळपास बंद पडेल. दुपारी गाडीत बसायचं नसेल तर गाडी उन्हात ठेव, तिन्हीसांजेला सावलीतल्या जागी आण.

डायनामोवरून चार्ज करायचं तर मधे १२ ते ४८ चा डीसी-डीसी चार्जर हवा. थेट जोडलास तर बॅटरीचं ४८ व्होल्ट गाडीच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये शिरतं आणि ते जळतं. तीस अँपिअरच्या चार्जरने चार तासांच्या प्रवासात दीड युनिट मिळतं.

पेट्रोल जनरेटर फक्त अडीअडचणीला, दिवसा, बॅटरी भरण्यापुरता. उंचीवर दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते, म्हणजे महाबळेश्वरला २ केव्हीएचा पावणेदोनच्या आसपासच समज. गाडीपासून वीस फुटांवर, धूर वाऱ्याबरोबर लांब जाईल असा ठेव. झोपताना कधीच चालू ठेवू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव, फार महाग नसतो.

बामणोली, कासच्या पायथ्याची गावं, चांदोलीकडे बहुतेक रात्री एसी लागणारच नाही. तीस वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा रात्रभरात पाव युनिट घेतो. जत, आटपाडी, माण, खटावकडे मेमध्ये हवा कोरडी असते, तिथे दीडशे वॅटचा कूलरही छान काम करतो, फक्त पाण्याचं बघावं लागतं. म्हणजे एसीची खरी गरज वर्षातल्या मोजक्या रात्रींची आहे. त्यासाठी चौथी-पाचवी बॅटरी घेऊन गाडी जड करू नकोस.

छतावरचे बदल आणि सीटा काढणं याला मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली परवानगी लागते. काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचार.

आता चाचणी. इन्सुलेशन आणि एसी बसव, बॅटरी घेऊ नकोस. एप्रिलच्या शेवटी गाडी दिवसभर अंगणात उन्हात ठेव, रात्री दहा ते सहा घरच्या प्लगवर एसी लाव आणि मधे प्लगमध्ये बसणारा युनिट मोजायचा मीटर घाल. दोन माणसं आत झोपायला हवीत, माणसाच्या अंगाचीही उष्णता असते. दर तासाचा आकडा वहीत लिही. सकाळी आकडा साडेतीन युनिटच्या आत आला तर एक बॅटरी पुरेल, साडेतीन ते पाच आला तर दोन. पाच युनिटच्या वर गेला तर बॅटरी वाढवू नकोस, आधी पुढच्या काचेचा पडदा आणि दारांची रबरं तपासून पुन्हा मोज. आकडे आले की मला पाठव, म्हणजे इन्व्हर्टर आणि फ्यूजचं पक्कं करू.

आई-आबांना साष्टांग नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
दादा