अंड्यासाठी वर्गणी मागायला आम्ही जाणार नाही : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनेच सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनेच त्याचे पैसे थांबवले, नाचणी सत्वाच्या साखरेचेही. द्यायचंच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून सोय करावी म्हणे. त्या समितीत मी आहे. वर्गणी मागू कोणाकडे? गगनबावडा तालुक्यातली आमची वाडी. निम्मे बापे गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हेल्पर, बायका दुसऱ्याच्या भातात रोजगाराला. ज्यांच्या पोरांना अंडं परवडत नाही म्हणून योजना आणली, त्यांच्याच दारात पावती पुस्तक घेऊन जायचं?

शाळेत साठेक पोरं. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाचं अनुदान २५ हजार. त्यात खडू, वीजबिल, डागडुजी सगळं. पावसाळ्यात चौथीचा वर्ग गळतो, तेव्हा गुरुजी दोन वर्ग एकाच खोलीत बसवतात. गगनबावड्याचा पाऊस कसा असतो ते मंत्रालयात बसून कळायचं नाही.

त्यात १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्याचा निर्णय. सहावी-सातवीत वीसच्या आत मुलं, तर शिक्षक शून्य! माझी थोरली यंदा सहावीला. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काचे नियम सांगतात. ती सात किलोमीटरवर जाते. एसटी चुकली की घरी. तिच्या वर्गातल्या दोघींची शाळा घरच्यांनी थांबवली. पट कमी म्हणून शिक्षक काढायचा, शिक्षक नाही म्हणून पट आणखी घटणार, आणि मग शाळाच बंद. हे तुम्हाला दिसत नाही असं मी मानत नाही.

पैसा नाही हे कारण तर सांगूच नका. अंड्यांवर राज्याचे वर्षाला ५० कोटींच्या आसपास जात होते. आणि आमच्या जिल्ह्यातला शेतकरी नको नको म्हणून रस्त्यावर उतरला, तरी शक्तिपीठ महामार्गाचा ८६ हजार कोटींचा आराखडा तयार! शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के खर्च करा, हे कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं, २०२० च्या धोरणानेही तेच लिहिलं. एवढ्या वर्षांत एकाही पक्षाने ते पाळलं नाही. कारण निर्णय घेणाऱ्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसत नाहीत.

कोल्हापुरात आलात की भाषणाची सुरुवात शाहू महाराजांच्या नावाने होते. महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज पालक पाठवायला तयार आहे आणि शिक्षक सरकार काढून घेतंय. मग दंड कोणाला करायचा, सांगा.

अंडी आणि साखरेचे पैसे पुन्हा सुरू करा. संचमान्यतेचा तो निर्णय रद्द करा. अंड्यासाठी गावात एक रुपयाही गोळा करायचा नाही, असा ठराव आमच्या समितीने एकमताने केला आहे. त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत आपल्याकडे पाठवली आहे. लेखी उत्तर द्यावे.

आपला,
गगनबावडा तालुक्यातील एक पालक, जि. कोल्हापूर