शॉर्टवेव्हची खरखर घरातलीच

संपादक महोदय,

रेडिओवरच्या आपल्या पुरवणीत 'शॉर्टवेव्हवर', म्हणजे दूरदेशीची स्टेशनं ऐकवणाऱ्या रेडिओलहरींवर, 'आता नुसती खरखर उरली' असं एका वाचकाने लिहिलं आहे. जानेवारी २०२० अखेर बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पण स्टेशनं अजून आहेत. खरखर आपल्या घरातली आहे.

मी मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर अँटेना म्हणून वीस मीटर तार ताणली, तर स्टेशनांपेक्षा खरखरच जास्त वाढली. मग एका रात्री घराचा मेन स्विच पाडला आणि रेडिओ सेलवर लावला. व्हिएतनामचं इंग्रजी बातमीपत्र शब्दन् शब्द ऐकू आलं! नंतर एकेक बटण चालू करत गेलो. स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी बल्ब लागला आणि आवाज बुडाला; उरलासुरला वायफायच्या अडॅप्टरने गिळला. दोन्ही बदलले. शेजाऱ्यांचा सोलर इन्व्हर्टर मात्र ऊन असेपर्यंत चालणारच, त्यांना काय सांगणार?

तिथे लूप अँटेना, म्हणजे कड्याच्या आकाराचा अँटेना, कामी आला. जवळच्या उपकरणांचा गोंगाट बराचसा विद्युत क्षेत्रातून येतो आणि तार तो सहज उचलते. लूप मुख्यतः चुंबकीय क्षेत्र पकडतो. शिवाय तो फिरवता येतो. कड्याचं तोंड इन्व्हर्टरकडे केलं की गोंगाट खाली बसतो, आणि आकाशातून येणारं स्टेशन फारसं हलत नाही.

बाजारात अॅम्प्लिफायरवाले रुंदपट्टी लूप मिळतात. सगळे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, एकदम मिळतात, हे खरं. पण हलक्या प्रतीचा अॅम्प्लिफायर आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झसारख्या जवळच्या जोरदार सिग्नलने दबतो आणि भलत्याच जागी भलतंच ऐकू येतं. म्हणून मी ट्यून होणारा, म्हणजे एका वेळी एकाच स्टेशनाच्या लहरीवर जुळणारा, लूप घरीच केला. एसीची तांब्याची नळी सव्वातीन मीटर, म्हणजे साधारण एक मीटर व्यासाचं कडं. टोकांना जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन लावायला फिरवतात तो. आत वीतभर व्यासाचं छोटं कडं, मोठ्याला न जोडलेलं, त्यातून केबल रेडिओला. ४९ मीटरपासून २५ मीटरपर्यंतचे बँड येतात. स्टेशन बदललं की कंडेन्सर पुन्हा फिरवावा लागतो. नेमक्या जागी आला की आवाज एकदम उसळून वर येतो, बोटांना ती जागा आठवड्याभरात कळते. एक गोष्ट मात्र विसरू नये. केबलचे आठ-दहा वेढे फेराइट रिंगवर (चुंबकीय पदार्थाच्या काळ्या कड्यावर) घ्यावेत, नाहीतर केबलच अँटेना होऊन घरातला गोंगाट परत आत आणते. मी आधी हे केलं नव्हतं आणि दोन महिने लूपलाच दोष देत बसलो.

पुरवणीतल्या त्या वाचकाने रेडिओ भंगारात द्यायचं ठरवलं आहे. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, आधी एका रात्री दहा वाजता मेन स्विच पाडून ३१ मीटर बँड लावून बघा.

– एक जुना श्रोता, मानेवाडा, नागपूर