कामाचे वाटप कोणाच्या हाती

न्यूयॉर्क

तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथल्या मोठ्या लॉ फर्म सरकारपुढे इतक्या लवकर का नमल्या आणि आता त्यांतील कृष्णवर्णीय वकिलांचे काय होणार, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. फोनवर हे अर्धेच सांगून होईल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विल्यम कोलमन हे हार्वर्डच्या कायद्याच्या वर्गात पहिले आले आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचे क्लर्क, म्हणजे कायदेविषयक सहाय्यक झाले. त्या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय होते. तरीही त्यांच्या फिलाडेल्फिया शहरात एकाही मोठ्या फर्मने त्यांना घेतले नाही आणि १९४९ पासून ते न्यूयॉर्कच्या पॉल वाइस या फर्ममध्ये रोज आगगाडीने येऊ लागले. अध्यक्ष ट्रम्प यांनी काही मोठ्या फर्मविरुद्ध आदेश काढले आणि त्यांत सर्व वर्णांच्या वकिलांना संधी देण्याच्या धोरणांवरही आक्षेप होता. आपल्याविरुद्धचा आदेश मागे घेतला जावा म्हणून त्याच पॉल वाइसने मार्च २०२५ मध्ये चार कोटी डॉलर किमतीची विनामूल्य वकिली देण्याचे कबूल करून अध्यक्षांशी तडजोड केली. पर्किन्स कोई ही फर्म मात्र न्यायालयात गेली आणि २ मे २०२५ रोजी तिच्याविरुद्धचा आदेश न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी रद्द केला. लढून जिंकता येत होते, हे दिसल्यावर मला तडजोडीचे अधिकच वाईट वाटले.

पण बाबा, खरी अडचण या आदेशांच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय तेरा टक्क्यांहून अधिक, वकिलांत सुमारे पाच टक्के आणि मोठ्या फर्मच्या भागीदारांत, म्हणजे फर्मची मालकी असलेल्या वरिष्ठ वकिलांत, शंभरात तीनही नाहीत. नवे वकील दरवर्षी एकाच पगारावर एकत्र भरती होतात, त्यामुळे आरंभी सारे सारखेच दिसतात. पुढे प्रत्येकाला वर्षाला दोन हजारांच्या आसपास तास अशिलांच्या खात्यावर दाखवावे लागतात आणि ते तास ज्या कामातून भरायचे, ते काम भागीदार स्वतःच्या मर्जीने देतात. ज्याच्यात भागीदाराला आपले तरुणपण दिसते, त्याला चांगला खटला मिळतो, त्याची चूक दुरुस्त करून दिली जाते आणि अशिलासोबतच्या बैठकीला त्याला नेले जाते. इतरांच्या वाट्याला कागदपत्रे चाळणे येते. आठ-नऊ वर्षांनी भागीदारीचा विचार होतो, तेव्हा तुमचे अशील कोण, असा प्रश्न येतो आणि ज्यांची कोणी ओळखच करून दिलेली नाही, त्यांच्याकडे उत्तर नसते. यात कोणी अपशब्द उच्चारलेला नसतो, म्हणून तक्रार तरी कशाची करायची?

नेक्स्टिऑन्स या सल्लागार संस्थेने २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुद्दाम चुका पेरलेले एकच कायदेशीर टिपण वेगवेगळ्या फर्मच्या भागीदारांना तपासायला दिले गेले. काहींना लेखक गोरा असल्याचे सांगितले, काहींना कृष्णवर्णीय. गोऱ्या लेखकाला पाचपैकी सरासरी ४.१ गुण मिळाले, कृष्णवर्णीयाला ३.२, आणि त्याच मजकुरात त्याच्या चुकाही जास्त सापडल्या. आमच्याकडच्या एका कृष्णवर्णीय सहकारी मैत्रिणीला मी हे आकडे दाखवले, तेव्हा तिला आश्चर्य वाटले नाही. साक्ष नोंदवण्याच्या बैठकीत तिला अजूनही लघुलेखिका समजून दुसऱ्या खुर्चीत बसायला सांगितले जाते.

१९२३ साली पॉल रोबसन कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन न्यूयॉर्कच्या एका फर्ममध्ये लागले. तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने त्यांनी सांगितलेला मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. त्यांनी वकिली सोडली आणि पुढे गायक व नट म्हणून जगाला ते माहीत झाले. त्याच वर्षी, त्याच कोलंबियात शिकून गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत वकिली सुरू करत होते आणि अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटर त्यांना ब्रीफ, म्हणजे खटल्याचे काम, देत नव्हते. तुम्ही जन्मभर कोर्टात काढला आहे. सनद मिळूनही काम न मिळणे म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

चि. मुक्ताला एलएल.एम. करून इथल्या फर्ममध्ये यायचे आहे. मुलाखतीत तिने पगाराआधी एक गोष्ट विचारावी: नव्या वकिलांना काम कोण वाटते आणि त्या वाटपाची नोंद कोणी ठेवते का? माझ्या मैत्रिणीचे नाव या शरद ऋतूत भागीदारीसाठी विचारात आहे. निकाल लागला की लगेच कळवीन.

आईस नमस्कार.

तुमची,
सुनीता