अक्का, शिकतानाच पगार कसा मिळतो ते सांगते

ति. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मागं पावसाचा आवाज एवढा होता की निम्मं कळलंच नाही, खानापुरात अजून थांबायचं नाव नाही वाटतं. पण मेन गोष्ट कळली. पिंकीला पीयूसी म्हणजे बारावी झाल्यावर नर्सरी टीचरचा कोर्स करायचाय, बेळगावातल्या क्लासवाल्यांनी फी सांगितल्यापासून दाजी गप्प बसलेत, आणि आई म्हणते की हिची मावशी तिकडं जर्मनीत पोरं सांभाळायला शिकते तर तिला महिन्याला पगार, आणि आमच्या पोरीनं तेच शिकायला पैसे भरायचे हे कुठलं शास्त्र? आईचा प्रश्न एकदम बरोबर आहे. फोनवर सांगायला गेलं की मधे कोणतरी येतं आणि अर्धं राहतं म्हणून लिहायलीय, निवांत बसून वाच आणि दाजींना पण वाचून दाखव.

आधी हे सांगते की मी इथं नुसती पोरं सांभाळत नाही, मी तीन वर्षांचं शिक्षण घेतेय, ते झालं की सरकारमान्य बालशिक्षिका. ह्या पद्धतीला इथं 'पिया' म्हणतात (हसू नको, ह्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आठवडाभर चेष्टा केली). आठवड्यातले काही दिवस शाळेत बसायचं, म्हणजे बालमानसशास्त्र, भाषा, खेळ, संगीत, कायदा असलं सगळं, आणि बाकीचे दिवस किटात, म्हणजे इथली बालवाडी, एक वर्षापासून शाळेत जाईपर्यंतची मुलं. बेळगावची डिग्री इथं मान्य करून घ्यावी लागली, जर्मन भाषेची बी-टू परीक्षा झाली, त्याआधी थोडं बिनपगारी प्रॅक्टिकल पण केलं, तेव्हा कुठं नगरपालिकेच्या किटानं करारावर सही केली. करार नोकरीचाच असतो बघ. सुट्टी, आजारपण, पेन्शनचा हप्ता सगळं त्यात. २०२४ च्या सप्टेंबरात चालू केलं तेव्हा सरकारी स्केलप्रमाणं महिना १३४० युरो होते, कापून हातात हजाराच्या थोडं वर. २०२५ ला दुसरं वर्ष लागलं तेव्हा १४७० च्या पुढं गेले. शाळेला फी नाही. इथल्या घरभाड्याच्या मानानं हे काही फार नाही, ह्यांचा पगार नसता तर एकटीचं जमलं नसतं, पण स्वतःच्या खात्यावर पैसे येतात आणि शिक्षण फुकट, हे तुला मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आता हे पैसे कोण देतं? पगार नगरपालिका देते, शाळा राज्य सरकार चालवतं, आणि नगरपालिकेला किटा चालवायला राज्याकडून पैसे येतात, म्हणजे फिरून सगळा टॅक्सचाच पैसा. पूर्वी इथं पण असं नव्हतं. शिक्षणाची चार-पाच वर्षं, त्यातला बहुतेक काळ बिनपगारी, शेवटच्या प्रॅक्टिकलच्या वर्षी तेवढे हातात काहीतरी. त्यामुळं यायच्या कोण, तर ज्यांचं घर आईबाप चालवतात अशा विशीच्या आतल्या मुली. पस्तिशीची बाई, दोन पोरं असलेली, किंवा दुसरीकडं नोकरी करणारा बाप्या हे करूच शकत नव्हता. मग ह्या राज्यात २०१२ ला पिया चालू केलं. आमच्या वर्गात आज एक बेकरीत काम केलेला आहे, एक ट्रक चालवणारा आहे, एक बाई तर आज्जी झालेली आहे! ती सगळ्यात हुशार, तो भाग वेगळा.

आणि सरकारनं एवढं मन मोठं का केलं म्हणशील तर प्रेमानं नाही केलं, गळ्याशी आलं म्हणून केलं. १ ऑगस्ट २०१३ पासून इथं कायदा आहे की मूल एक वर्षाचं झालं की त्याला किटात जागा मिळणं हा त्याचा हक्क. जागा म्हणजे नुसती खोली नव्हे, तिथं शिकलेलं माणूस पाहिजे, आणि माणसं तर नाहीत. काही आया कोर्टात गेल्या, की नगरपालिकेनं जागा दिली नाही म्हणून आम्हाला कामावर परत जाता आलं नाही, आमचा बुडालेला पगार द्या. २०१६ ला इथल्या वरच्या कोर्टानं सांगितलं, की नगरपालिकेच्या चुकीमुळं जागा मिळाली नसेल तर हे पैसे मागता येतात. एकदा खिशाला चटका बसायची वेळ आली की नगरपालिका कशी हलते ते तुला मी काय सांगायचं, तुझ्या अंगणवाडीच्या गळक्या कौलांसाठी तू पंचायतीत किती हेलपाटे मारलेस ते मला माहितीय.

२०१९ ला दिल्लीसारखं इथलं जे केंद्र सरकार आहे त्यानं अशा शिकाऊंच्या पगारासाठी स्पेशल पैसे काढले होते, आणि त्यातला हिशोब मला आवडला. शिकाऊच्या पगारातला पहिल्या वर्षी १०० टक्के वाटा केंद्राचा, दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षी ३०. का, तर पहिल्या वर्षी शिकणारी बाई मदत कमी आणि काम जास्त वाढवते, तिला सगळं दाखवावं लागतं, तिसऱ्या वर्षापर्यंत ती निम्मा वर्ग ओढते म्हणजे तेव्हा किटानं आपल्या खिशातून द्यायला हरकत नाही. शिवाय शिकवणाऱ्या बाईसाठी पण त्यात पैसे होते. पण एकाच तुकडीला देऊन पुढच्या वर्षीची नवीन भरती बंद! राज्यं आणि केंद्र एकमेकांकडं बोट दाखवत बसले. म्हणजे इथं सगळं दूधतूप आहे असं समजू नको, स्कीम येते, फोटो निघतात आणि दोन वर्षांनी फाईल कुठं गेली कुणाला माहीत नसतं, ते इथं पण आहे. आमच्या राज्यात नगरपालिकांनी सवय लावून घेतली होती म्हणून आमचं चालू राहिलं.

शिकवणाऱ्या बाईचं मी मुद्दाम सांगते कारण सगळी गोम तिथं आहे. माझ्यावर एक अनुभवी बाई नेमलेली आहे, तिनं शिकवायचं कसं ह्याचा वेगळा कोर्स केलाय, आणि आठवड्यात ठराविक वेळ ती आणि मी दार लावून बसतो, मुलं दुसऱ्या कुणाकडं. तो वेळ तिच्या ड्युटीत धरलेला असतो. परवा मला एका तीन वर्षांच्या पोराचं निरीक्षण करायला सांगितलं, वीस मिनिटं फक्त बघायचं आणि लिहायचं, त्यात मस्ती, हट्टी, हुशार असले शब्द चालत नाहीत, हातानं काय केलं तेवढंच. तो नळाजवळ मोठ्या जगमधून छोट्या कपात पाणी ओतत होता. पहिल्यांदा सांडलं. दुसऱ्यांदा सांडलं. मग त्यानं कपात बोट बुडवलं, बोट कुठपर्यंत ओलं झालं ते बघितलं, आणि पुढच्या वेळी काठाच्या आधी बरोबर थांबला. बाई म्हणाली आता सांग उद्या ह्याच्यासमोर तू काय ठेवशील? आम्ही त्यावर तासभर बोललो. वेगवेगळ्या उंचीचे कप ठेवायचं ठरलं. असल्या गोष्टी पुस्तक वाचून येत नाहीत गं, शेजारी बसून कुणीतरी दाखवावं लागतं, आणि दाखवणाऱ्याला त्याचा वेळ मिळावा लागतो.

नवीन मूल आलं की त्याची पण रीत आहे. पहिले तीन दिवस आई नाहीतर बाप खोलीतच बसून राहतात, मुलाला सोडून जायचं नाही म्हणजे नाही. चौथ्या दिवशी थोडा वेळ आई बाहेर, आणि पोर रडलं आणि आमच्याकडं शांत झालं नाही तर आईनं लगेच आत यायचं. काहींना दोन आठवडे लागतात, काहींना महिना. मला तुझ्या अंगणवाडीतला जूनचा पहिला आठवडा आठवतो, आज्ज्या पोराला ढकलून पळून जातात आणि तू एकाला कडेवर, एकाला पदराला, वर चुलीवरचा भात बघतेस.

आता वाईट पण सांगते. हिवाळ्यात अर्धा स्टाफ तापानं झोपला की शिकाऊ बाईला कोण शिकवत बसतंय, जा तिकडं बारा पोरं बघ. मागच्या फेब्रुवारीत आमच्या किटात माझी ती ठरलेली बैठक लागोपाठ रद्द झाली, मी रिकामी जागा भरायला, आणि शाळेतल्या बाई विचारायच्या निरीक्षणाची वही कुठाय? माझ्या वर्गातल्या दोघींनी ह्याच कारणानं सोडून दिलं. सरकार पगार देतंय म्हटल्यावर स्वस्तातला माणूस म्हणून वापरून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. म्हणून मी म्हणते नुसता पगार दिला म्हणून शिक्षण होत नाही, शिकवणाऱ्याचे तास कागदावर लिहून घेतले पाहिजेत आणि कुणीतरी ते तपासले पाहिजेत.

आता आईच्या प्रश्नाकडं येते. ह्यांनी आयटीआय झाल्यावर बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत अप्रेंटिस केलं तेव्हा स्टायपेंड मिळायचा की नाही? अप्रेंटिस कायदा आपल्याकडं १९६१ चा आहे. २०१६ पासून नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम आहे, त्यात स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १५०० रुपये, केंद्र सरकार देतं आणि २०२३ पासून तो वाटा थेट पोराच्या खात्यावर येतो. म्हणजे कास्टिंग घासायला शिकणाऱ्या पोराला सरकार पैसे देतं, आणि माणसाचं पोर घडवायला शिकणाऱ्या पोरीनं क्लासवाल्याला पैसे द्यायचे. ह्यांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले फाउंड्रीवाल्यांची असोसिएशन आहे, ते मागतात, अंगणवाडीवाल्यांसाठी कोण मागणार. तुमची संघटना मागते, पण ती मानधनासाठी, आणि ते बरोबरच आहे, केंद्रानं २०१८ ला सेविकेच्या मानधनाचा आपला आकडा महिना ४५०० केला त्यात कुणाचं काय भागणार. पण शिकाऊंसाठी पण मागा की!

तसं आपल्याकडं हे डोक्यात नव्हतं असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला काम चालू केलं, मग अनुताई वाघांबरोबर कोसबाडला, तिथं गावातल्याच बायकांना मुलांच्यात बसवून तयार केलं, तेही आदिवासी पाड्यावर, अंगणात. आणि आता बघ, तुझं सेविकांसाठीचं केंद्राचं 'पोषण भी पढाई भी'चं ट्रेनिंग झालं ते तीन दिवसांचं. २०२० च्या शिक्षण धोरणात लिहिलंय की बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, कमी शिकलेलीला वर्षाचा डिप्लोमा, पण तो करायचा कधी, तर पोरं सांभाळून, रजिस्टर भरून, पोषण ट्रॅकरच्या ॲपमध्ये फोटो टाकून, कन्नडातली परिपत्रकं शेजारच्या मास्तरांकडून समजून घेऊन उरलेल्या वेळात. तुझ्याकडं मराठी, कन्नड, कोकणी बोलणारी पोरं एका चटईवर बसतात आणि तू तिघांना एकाच गोष्टीत गुंतवतेस, इथं तुर्की, अरबी, युक्रेनी पोरं एकत्र आली की त्यासाठी वेगळं ट्रेनिंग, वेगळी बाई, वेगळे पैसे. तुझ्या हाताखाली एखादी पोरगी दोन वर्षं स्टायपेंडवर राहिली तर बेळगावच्या कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकेल, आणि तुला शिकवायचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. चंदगडच्या मावशीला लाडकी बहीणचे पैसे येतात, तुला कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीचे दोन हजार, बॉर्डरच्या दोन्ही बाजूंना बायकांच्या खात्यावर पैसे टाकायची पद्धत सरकारांना चांगली जमलीय, मग त्याच खात्यावर शिकायचे पैसे टाकायला काय अडचण आहे मला कळत नाही.

पिंकीचं म्हणशील तर माझं मत असं. त्या क्लासवाल्यांना फी भरायच्या आधी दोन प्रश्न विचार, प्रॅक्टिकल किती दिवस आणि खऱ्या मुलांबरोबर की नुसते चार्ट रंगवायचे, आणि सर्टिफिकेट कुणाचं. उत्तर गोलगोल आलं तर ॲडव्हान्स देऊ नको. दुसरं, तालुक्याच्या सीडीपीओ ऑफिसात, म्हणजे अंगणवाड्यांचं काम बघतात तिथं, जाऊन मदतनीसाच्या जागा कधी निघतात ते विचार, कारण २०२२ च्या केंद्राच्या नियमात सेविकेच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनीसांमधून भरायच्या असं आहे. पाच वर्षं लांब वाटतात, पण ती बाहेरून डिग्री करत राहील आणि हात कामात राहील. दाजी म्हणतील मदतनीस म्हणजे भांडी घासणं, त्यांना सांग मी पण इथं रोज वीस पोरांच्या चिखलाच्या पँटी काढून वाळत घालते आणि त्याचाच पगार घेते. आणि जर्मनीला यायचं तिच्या डोक्यात असेल तर आत्ताच नको, आधी भाषा, आणि इथं पूर्वेकडच्या भागात मुलं कमी झाल्यानं किटांवर माणसं कमी करायची वेळ आलीय, सगळीकडं एकसारखं नाही. कुणी एजंट लाखात पैसे मागत असेल तर मला आधी फोन कर.

क्लासची फी भरायचीच ठरली तर निम्मे मी पाठवते, दाजींना हे तू सांग, मी सांगितलं तर त्यांना राग येतो. काजूचं पार्सल मिळालं, मांडे मात्र चुरा होऊन आले तरी आम्ही चमच्यानं खाल्ले. आईच्या गुडघ्याचं कळव, आणि सीडीपीओ ऑफिसात गेलीस की तिथल्या नोटीस बोर्डाचा फोटो काढून पाठव, कन्नड असला तरी चालेल, ह्यांना वाचता येतं.

तुझी,
धाकटी