व्हॅनचं दार लावून घेतो

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, विपश्यना आणि नामस्मरणाबद्दल, छान लिहिलं होतं त्यांनी. पण जाता जाता एक वाक्य टाकलं की ख्रिश्चन लोकांत साधना वगैरे काही नसते, रविवारी चर्चला गेलं, गाणी म्हटली, झालं. बायकोला राग आला, मला नाही आला. कारण पंधरा वर्षं माझं नेमकं हेच चालू होतं. रविवारी सदरला चर्च, सोमवारपासून स्कूल व्हॅन, मधे देवाची आठवण फक्त ब्रेक लागला नाही तर.

प्रयत्न केले नाही असं नाही. एका वर्षात पूर्ण बायबल वाचायचा चार्ट फ्रिजवर लावला होता. तीन वेळा लावला अन् तिन्ही वेळा लेवीय, म्हणजे बायबलचं तिसरं, नियमांनी भरलेलं पुस्तक, तिथपर्यंत येऊन गाडी बंद पडली. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते.

मग झालं असं की सेमिनरी हिल्सकडच्या एका फादरशी ओळख झाली. मी प्रोटेस्टंट, ते कॅथलिक, पण चहा दोघांनाही लागतो. त्यांनी विचारलं, रोज किती वाचता, मी म्हटलं तीन अध्याय. ते म्हणाले तीन ओळी वाचा. या पद्धतीला लॅटिनमधे लेक्शियो डिव्हिना म्हणतात आणि ती काही आजची नाही, बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका फ्रेंच मठवाशानी तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवापाशी बसणं. त्यानी जेवणाचा दाखला दिलाय, वाचणं म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थना केली की चव लागते आणि शेवटची पायरी म्हणजे तो गोडवाच. मी आतापर्यंत न चावता गिळत होतो, दुसरं काय.

माझ्याकडे वेळ एकच, छोट्या वर्गांची शाळा सुटायच्या आधीचे चाळीस मिनिटं. सिव्हिल लाईन्समधे एका कडुनिंबाखाली व्हॅन लावतो. बायबलमधे येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं आहेत, शुभवर्तमानं म्हणतात त्यांना. त्यातल्या मत्तयात येशूने सांगितलंय ना, प्रार्थना करायची तर खोलीत जा अन् दार लावून घे. आमच्या घरी दोन खोल्यात पाच माणसं, कुठलं दार लावता. व्हॅनचं सरकतं दार आहे, ते अर्ध्यात अडकते, खालून लाथ मारावी लागते, मग लागते. फोन डिकीत पोरांच्या दप्तराच्या जागी ठेवून येतो, नाहीतर रील बघण्यातच चाळीस मिनिटं जातात.

मार्कचं शुभवर्तमान घेतलं, चारीत सगळ्यात छोटं, सोळाच अध्याय. चौथ्या अध्यायात वादळाची गोष्ट आहे, शिष्यांची नाव पाण्यानी भरून राहिली आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ही गोष्ट मत्तय आणि लूकनी पण लिहिली, पण उशी फक्त मार्कमधे आहे. त्या उशीवर मी चार दिवस अडकलो. तेव्हा माझे व्हॅनचे दोन हप्ते थकले होते, बाबा नुकतेच गेले होते, आणि माझी प्रार्थना कशी तर लहानपणापासून ऐकलेली, हे सर्वसमर्थ दयाळू पित्या आम्ही तुझ्या चरणी लीन होतो, एकदम पुस्तकी. चौथ्या दिवशी ती उशी डोळ्यासमोर आली अन् तोंडातून निघून गेलं, "देवा, आम्ही इकडे बुडून राहिलो अन् तू काहून झोपून राहिला बे?"

मग घाबरलो. देवाला बे म्हणतात का कोणी? फादरना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले बायबलमधलं ४४ वं स्तोत्र काढा. त्यात शेवटी शेवटी चक्क असंच आहे, हे प्रभू जागा हो, का झोपलास! म्हणजे मी काही नवीन बोललो नव्हतो. आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळ पण नाही, बाबा गेल्यानंतर मला तेच सगळ्यात जवळचं वाटलं. आपल्या मराठीला हे नवीन नाही म्हणा, तुकोबा विठोबाशी किती भांडलेत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचेच की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांना १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, दिला, ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले अन् तिथून हलू शकले नाहीत, १८९५ ला बाप्तिस्मा. त्यांनी पण काही चार्ट लावून वाचलं नव्हतं.

तर भाषा सुटली तसं नातं सुटसुटीत झालं. आता मी वऱ्हाडीतच बोलतो, मग गप्प बसतो. गप्प बसणं सगळ्यात कठीण, दोन मिनिटात डिझेलचा भाव आठवतो. आणि सांगून ठेवतो, मधे तीन महिने काहीच वाटलं नाही, नुसता उकाडा आणि कावळे. तरी दार लावून बसलो.

रात्री एक दुसरी गोष्ट करतो, इग्नेशियस लोयोलाची, हा स्पेनकडचा संत, लढाईत १५२१ साली तोफगोळ्यानी पाय मोडला तिथून त्याचं आयुष्य बदललं. दिवस पुन्हा डोळ्यासमोरून न्यायचा, देव कुठे होता, मी कुठे घसरलो. मी फेऱ्या मोजतो. पहिल्या फेरीत सिग्नलवर ऑटोवाल्याला शिवी दिली, तिसऱ्या फेरीत एक पोट्टी रडत होती तिने संत्र्याची फोड माझ्या हातात ठेवली. पाच मिनिटं लागतात.

लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे, चाळीस दिवस चालू आहेत, आमच्यात बरेच जण मटण सोडतात आणि सोडलं हे सगळ्यांना सांगतात, तेही मत्तयात मना केलंय, उपास करशील तर तोंड धू, डोक्याला तेल लाव. मी पण आत्ता पेपरात लिहून तेच करून राहिलो बहुतेक. पण त्या वाचकांना उत्तर द्यायचं होतं, आमच्याकडे साधना आहे, आम्हीच ती आमच्या पोरांना शिकवली नाही.

सध्या मार्कच्या आठव्या अध्यायात आहे. बेथसैदाचा आंधळा. येशूने हात ठेवला तर त्याला माणसं झाडांसारखी चालताना दिसली, मग परत हात ठेवले तेव्हा स्वच्छ दिसलं. पहिल्यांदाच काहून नाही दिसलं? सहा दिवस झाले इथेच आहे, रोज विचारतो, अन् तेवढ्यात घंटा होते आणि पोट्टे धावत येऊन बाहेरून दार ठोकतात.

आपला,
एक स्कूल व्हॅनवाला, नागपूर